पेट्रोल थार की डिझेल थार? आधी ऑफिसला कशानं जाता ते सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरी हिंजवडीत, घरापासून ऑफिस सात किलोमीटर. गाव भोरच्या पुढं, वरंधा घाटाच्या अंगाला. महिन्यातून दोनदा जाणं होतं आणि पावसाळ्यात वस्तीपर्यंतचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर निव्वळ चिखल. वर्षाकाठी एकदा स्पिती किंवा लडाख. बजेट सगळं धरून वीस लाख. महिंद्राची थार फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी) घ्यायची हे जवळपास ठरलंय, पण पेट्रोल की डिझेल यावर घोडं अडलंय. मारुतीची जिम्नी आणि फोर्सची गुरखाही मनात आहेत.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. रोज ऑफिसला हीच गाडी नेणार असाल तर पेट्रोल ऑटोमॅटिक घ्या. ऑफिसला कंपनीच्या बसनं किंवा दुचाकीनं जात असाल आणि थार फक्त गाव, घाट आणि हिमालयासाठी बाहेर निघणार असेल, तर डिझेल मॅन्युअल. पेट्रोल मॅन्युअल मात्र नवशिक्यानं घेऊ नये. तुमच्या चिखलाला ही सगळीच इंजिनं पुरून उरतात. निवड अडते ती रोजच्या सात किलोमीटरवर.

मुळात पेट्रोल की डिझेल हा पर्याय या किमतीत आता फक्त तीन दारांच्या थारमध्येच उरलाय. पाच दारांच्या थार रॉक्सला फोर बाय फोर हवं असेल तर डिझेलच घ्यावं लागतं, पेट्रोल रॉक्स मागच्या चाकांवरच चालते. स्कॉर्पिओ-एनचंही तेच. गुरखा फक्त डिझेल, जिम्नी फक्त पेट्रोल, कारण मारुतीनं एप्रिल २०२० मध्ये बीएस६ हे धुराचे कडक नियम लागू होताना डिझेल इंजिनंच बंद केली. म्हणजे बाकीच्या गाड्यांबाबत कंपनीनंच ठरवून टाकलंय.

थारमध्येही एक तिसरं इंजिन आहे, १.५ लिटर डिझेल, जानेवारी २०२३ मध्ये आलेलं. किंमत बघून मोह होतो. पण ते फक्त मागच्या चाकांना जोडलेलं मिळतं, लो रेंज (वेग कमी करून चाकाचा जोर वाढवणारे जादा गिअर) नाही. ते आलंय करासाठी. चार मीटरच्या आत लांबी आणि १५०० सीसीपर्यंत डिझेल किंवा १२०० सीसीपर्यंत पेट्रोल, एवढ्यात बसणाऱ्या गाडीला सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, बाकीच्यांना ४० टक्के. जिम्नी लांबीत बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून तिला ४० टक्के. तुमच्या वस्तीच्या चिखलात १.५ डिझेल थार जुलैमध्ये ट्रॅक्टर शोधत बसेल, तेव्हा ती यादीतून काढा.

आता दोन मुख्य इंजिनं. पेट्रोल २ लिटर टर्बो (म्हणजे हवा दाबून आत घेणारं), १५० अश्वशक्ती, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर मॅन्युअलला ३०० आणि ऑटोमॅटिकला ३२० न्यूटन मीटर. डिझेल २.२ लिटर, १३० अश्वशक्ती, टॉर्क ३००. ब्रोशर वाचून लोक म्हणतात, टॉर्क सारखाच, शक्ती पेट्रोलची जास्त, मग प्रश्न कसला? फरक ब्रोशरमध्ये न छापलेल्या जागी आहे: ८०० ते १२०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) दरम्यान. दगडावर चाक चढवताना, खाचराच्या बांधावरून गाडी उतरवताना तुम्ही नेमके तिथं असता. तीनशेचा आकडा टर्बो पूर्ण फुंकायला लागल्यावरचा आहे. त्याच्या खाली पेट्रोल इंजिन साध्या दोन लिटर इंजिनासारखं वागतं आणि ते ओढत नेतं पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी.

मग मॅन्युअलमध्ये काय होतं? मोठा दगड आला की माणूस अ‍ॅक्सिलरेटर देतो, काही होत नाही म्हणून आणखी देतो, तेवढ्यात टर्बो जागा होतो आणि गाडी उडी मारते. ती उडी टाळायला तो अर्धा क्लच धरतो. दहा मिनिटांत क्लचचा वास. डिझेलला ही अडचण बरीच कमी. लो फोर (फोर बाय फोर, लो रेंजमध्ये), पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरून काढा. गाडी बंद पडायला लागली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आपणहून डिझेल वाढवतो आणि ती ठकठक करत पुढं सरकत राहते. शिकणाऱ्याला याच्याइतकी दुसरी सोय नाही, कारण त्याचं सगळं लक्ष स्टिअरिंगवर आणि चाक कुठं पडतंय त्यावर राहतं.

ऑटोमॅटिकनं पेट्रोलची ही खोड मोडते. थारचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचा आहे. गाडी थांबलेली किंवा अगदी हळू असताना कन्व्हर्टरमधलं तेल घसरतं आणि त्या घसरण्यात टॉर्क वाढून चाकाकडं जातो. क्लच नाही, त्यामुळं जळायलाही काही नाही, फक्त तेलाचं तापमान वाढतं. लो रेंजमध्ये डाव्या पायानं ब्रेक हलका धरून उजव्या पायानं थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला की गाडी इंचाइंचानं चढते. ज्यांना अजून वाटतं की ऑफरोडिंग म्हणजे मॅन्युअलच, त्यांनी एकदा पेट्रोल ऑटोमॅटिक दगडावर चढवून बघावी.

टॉर्कच्या आकड्याला लोक नको इतका मान देतात, त्याबद्दल थोडं. चाकापर्यंत पोचणारा जोर म्हणजे इंजिनाचा टॉर्क गुणिले पहिला गिअर गुणिले लो रेंज गुणिले डिफरन्शिअल. थारची लो रेंज साधारण अडीचपट आहे, जिम्नीची दुप्पट. जुनी जिप्सी आठवा. १३०० सीसी पेट्रोल, टॉर्क जेमतेम १०३. आजच्या टर्बो हॅचबॅकचा टॉर्क त्याहून जास्त असतो. तरी सैन्यानं ती अनेक वर्षं वापरली आणि रेड द हिमालयसारख्या रॅलीत तिनं नाव कमावलं, कारण वजन टनभर आणि हाताशी लो रेंज. त्याच काळात आपल्याकडं डिझेल म्हणजे महिंद्राची एमएम ५४० जीप, प्यूजोच्या परवान्यावरचं २.१ लिटर इंजिन आणि ६२ अश्वशक्ती. दोन्ही गाड्या सगळीकडं पोचायच्या. चालवायची पद्धत वेगळी, एवढंच.

म्हणून जिम्नीला कमी लेखू नका. १०५ अश्वशक्ती, १३४ न्यूटन मीटर, तोही ४००० आरपीएमला. आकडे केविलवाणे दिसतात, पण गाडी बाराशे किलोची. तुमच्या घाटमाथ्याच्या लाल चिखलात जड गाडी रुतते तिथं ती वरून निघून जाते. रुतलीच तर चार माणसं ढकलून काढतात, थारला दुसरी गाडी लागते. टर्बो नसल्यामुळं पायाला इंजिनाचा अंदाजही सरळ येतो. तुमच्या यादीतून तिला मी काढतोय ते हिमालयामुळं, आणि चार माणसं, सामान घेऊन कात्रज-खंबाटकीच्या चढाला ती दमते म्हणून. दोघांचंच कुटुंब असतं तर उत्तर वेगळं दिलं असतं.

गुरखा वेगळ्या जातीची गाडी. मर्सिडीजच्या घराण्यातलं २.६ लिटर डिझेल, २०२४ पासून १४० अश्वशक्ती आणि ३२० टॉर्क, पुढं-मागं दोन्हीकडं डिफ लॉक (एक चाक नुसतं फिरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं), स्नॉर्कल म्हणजे हवेचं तोंड उंच नेणारी नळी कंपनीतूनच बसवलेली. रानात तिच्यापुढं थार शहरी वाटते. पण ऑटोमॅटिक नाही, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तिचा क्लच रोज दाबायचा म्हणजे गुडघ्याशी वैर. तुमचं गाव हेच तुमचं घर असतं तर तीच घ्या म्हटलं असतं.

उतारावर डिझेलचं इंजिन गाडीला जास्त धरून ठेवतं, असं सर्रास ऐकू येतं. यात अर्धंच तथ्य आहे. पाय काढला की पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल बंद होतो, इंजिन हवेसाठी धडपडतं आणि तो विरोध चाकाला जाणवतो. डिझेल हवा अशी अडवत नाही, त्यामुळं त्याच आरपीएमला त्याचा विरोध उलट कमी असू शकतो. डिझेल गाडी उतारावर सावकाश येते त्याचं श्रेय मुख्यतः लो रेंजच्या पहिल्या गिअरला. ऑटोमॅटिकमध्ये तो गिअर हातानं धरून ठेवायचा आणि बाकी हिल डिसेंटवर, म्हणजे उतारावर आपोआप ब्रेक लावणाऱ्या सोयीवर, सोडायचं. तीव्र उतारावर मॅन्युअलमध्ये क्लचला पाय लावायचा नाही, हे मात्र इंजिन कुठलंही असो.

पाण्याचंही तसंच. डिझेलला स्पार्क नाही म्हणून ते पाण्यात बिनधास्त, ही समजूत डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी भिजायच्या त्या काळातली. आज दोन्ही इंजिनं ईसीयू आणि सेन्सरवर चालतात, आणि दोघांनाही मारतं ते हवेच्या तोंडातून आत गेलेलं पाणी. सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळं तिथं आणखी वाईट. थारची पाण्यातली मर्यादा कंपनीनं ६५० मिलिमीटर सांगितलीय. भोरच्या बाजूचा ओढा आषाढात किती खोल आहे हे पायानं तपासल्याशिवाय आत घालू नका. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही.

हिमालयाकडं येऊ. खारदुंग ला ५३५९ मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. जिम्नीसारखं टर्बो नसलेलं इंजिन तिथं जवळजवळ अर्धी ताकद गमावतं, १०५ ची पंचावन्न-साठ होते. टर्बोवाली दोन्ही इंजिनं हवा दाबून घेत असल्यामुळं बरीच सावरतात. पण पकड घेण्याआधीच्या त्या खालच्या आरपीएममध्ये तीही मंद होतात, आणि पेट्रोल मॅन्युअल हेअरपिन वळणावर हमखास बंद पडते. पुन्हा तेच, ऑटोमॅटिक किंवा डिझेल.

इंधनाचा पल्ला हा तिकडचा मोठा मुद्दा. मनालीहून लेहला जाताना तांडीच्या पंपावर पाटी प्रसिद्ध आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. थारची टाकी ५७ लिटरची. डोंगरात पेट्रोलनं आठचं अ‍ॅव्हरेज दिलं तर साडेचारशे किलोमीटर, डिझेलनं अकरा दिलं तर सव्वासहाशे. पेट्रोलवाल्यानं पाँगाँगकडं किंवा त्सो मोरिरीकडं वळताना कॅन बाळगावा लागतो. पेट्रोलचा कॅन गाडीत घेऊन चारशे किलोमीटर हादरे खात जाणं मला मनापासून आवडत नाही, डिझेल निदान तेवढं ज्वालाग्राही नाही. शिवाय लो रेंजमध्ये खर्च किलोमीटरवर नव्हे तर तासावर मोजायचा असतो. दिवसभर दगडात सरपटताना पेट्रोल ज्या वेगानं टाकी रिकामी करतं ते पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो.

हिवाळ्यात मात्र पारडं फिरतं. साध्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत गोठतं आणि फिल्टर बंद होतो. म्हणून इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर याची चिंता नाही. जानेवारीत स्पितीला जायचं असेल, तर पुण्यातून भरलेलं डिझेल वर चढण्याआधी संपवून तिकडचं भरत जा.

आता ज्यासाठी मी मथळ्यात ऑफिस आणलं तो विषय, डीपीएफ. बीएस६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते. ती भरली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी इंजिन गरम आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात हवी. हिंजवडीच्या सात किलोमीटरमध्ये इंजिन धड तापतही नाही. जाळी भरत जाते, गाडी रिजनरेशन सुरू करते, तुम्ही ऑफिसच्या पार्किंगमध्ये किल्ली फिरवता. उद्या पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. दर खेपेला न जळलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर पातळी चक्क वाढलेली दिसते. गिऱ्हाईक खूश, ऑइल खात नाही म्हणून! मग डॅशबोर्डवर दिवा, गाडी लिंप मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी करून), सर्व्हिस सेंटरला संगणक लावून जबरदस्तीचं रिजनरेशन, आणि तेही जमलं नाही तर जाळीच बदलायची, जिचं बिल ऐकून माणूस खुर्चीत बसतो.

महिन्यातून दोनदा भोरला जाताय, हायवे मिळतोय, मग जाळी तेव्हा साफ होईल की, असं तुम्ही म्हणाल. होईलही. पंधरा दिवसांतून एक खेप बहुतेक गाड्यांना पुरते. पण एखादा महिना गावाला जाणं झालं नाही की हिशेब बिघडतो. डिझेल घेऊन रोज ऑफिसला न्यायचीच असेल, तर आठवड्यातून एकदा बाह्यवळण रस्त्यावर अर्धा तास, दोन हजारांच्या वर आरपीएम ठेवून फिरवून आणायची सवय लावावी लागेल. काहींना ते जमतं. बहुतेकांचं दोन महिन्यांत सुटतं.

डिझेलवाल्या ऑफरोडरसाठी यातलीच आणखी एक गोष्ट, जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही. लो रेंजमध्ये तासन्‌तास सरपटतानाही एक्झॉस्ट थंडच राहतो आणि काजळी साठते. परतताना हायवेला लागलात की रिजनरेशन सुरू होतं. अशा वेळी आयडल (उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग) थोडा वाढलेला असतो, पंखा जोरात चालतो, जळल्यासारखा वास येतो. तेव्हा गाडी वाळक्या गवतावर उभी करायची नाही. डिसेंबरनंतर आपल्या सगळ्या पठारांवर कमरेएवढं सुकं गवत असतं, आणि खाली सहाशे अंशांचा पाइप.

आता पैसे. ऑक्टोबर २०२५ मधल्या थारच्या एक्स-शोरूम किमतींत पेट्रोल आणि डिझेल फोर बाय फोरमध्ये पाऊण लाख ते ऐंशी हजारांचा फरक होता. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी कर, दहा ते वीस लाखांच्या गाडीला पेट्रोलसाठी १२ टक्के, डिझेलसाठी १४. रस्त्यावर येईपर्यंत फरक सव्वा लाखाच्या घरात जातो. तुमच्या बजेटमध्ये डिझेल ऑटोमॅटिक विमा धरून बसत नाही, म्हणून मी ती सुचवलीच नाही. एरवी ज्याचं रोजचं अंतर मोठं आहे त्याच्यासाठी सगळ्यात बरी तीच.

मुंबई-पुण्याकडं २०२५ मध्ये होतं तसं पेट्रोल १०३-१०४ आणि डिझेल ९० धरा. पेट्रोल थार एकत्रित नऊ देते, डिझेल बारा. किलोमीटरला साडेअकरा रुपये विरुद्ध साडेसात. चार रुपयांचा फरक, म्हणजे सव्वा लाख तीस-एकतीस हजार किलोमीटरमध्ये वसूल. हॅचबॅकमध्ये हाच हिशेब लाखभर किलोमीटरपर्यंत लांबतो, म्हणून लोकांच्या डोक्यात बसलंय की डिझेल आता परवडत नाही. थारसारख्या जड, चौकोनी गाडीत तसं नाही. तुमचं ऑफिस, गाव आणि एक हिमालय मिळून वर्षाला अकरा-बारा हजार किलोमीटर होतात, म्हणजे पावणेतीन वर्षांत डिझेल वसूल. ऑफिस वगळलं तर साधारण आठ हजार, मग पावणेचार वर्षं. डीपीएफचं एक मोठं बिल आलं की हा सगळा हिशेब पुसला जातो, हेही धरा.

ई२० मुळं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळल्यामुळं, पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज थोडं खाली येतं, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच असते. नव्या गाडीला ते चालतं. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. डिझेलवाल्यानं वॉटर सेपरेटर वेळेवर रिकामा करायचा. गावात ट्रॅक्टरसाठी बॅरलमध्ये ठेवलेलं डिझेल एमएम ५४० ला चालायचं, आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरला नाही. तिथं दाब हजार बारच्या कितीतरी वर असतो, आणि थोडा गाळही इंजेक्टरचा जीव घेतो. अडल्या वेळी घ्यावंच लागलं तर जाड कापडातून गाळून, आणि फक्त पुढच्या पंपापर्यंत पुरेल एवढंच.

डिझेल बंद होणार, या भीतीबद्दल. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाचे निर्बंध आले, आणि त्यामुळं तिकडच्या डिझेल गाड्या स्वस्तात आपल्याकडं आल्या. महाराष्ट्रात असा दहा वर्षांचा नियम नाही, पंधरा वर्षांनी तपासणी करून पुन्हा नोंदणी होते. तुम्ही पुण्यातच राहणार असाल तर या भीतीपोटी पेट्रोल घेऊ नका. बदलीची नोकरी असेल आणि गुरुग्राम-नोएडाची शक्यता असेल, तर वेगळा विचार करा.

बुकिंगआधी टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊ नका, तिथं दोन्ही गाड्या छानच वाटतात. सोसायटीच्या बेसमेंटचा उतार बघा. डिझेल मॅन्युअल असेल तर पायथ्याशी पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर न देता क्लच हळूहळू सोडा आणि ती स्वतःच्या बळावर किती चढते ते बघा. पेट्रोल ऑटोमॅटिक असेल तर अर्ध्या चढावर पूर्ण थांबवा, ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटर द्या, आणि ती उडी मारते की सलग निघते ते बघा. लो फोर कोरड्या डांबरावर टाकू नका. विक्रेत्याला कच्चा रस्ता दाखवायला सांगा, नाहीतर वळताना ट्रान्समिशन आवळतं. आणि घरी येऊन मागचे तीन महिने ऑफिसला किती दिवस कशानं गेलात ते मोजा. निम्म्याहून जास्त दिवस बसनं गेला असाल, तर डिझेल मॅन्युअल बुक करा.